मदत हवी आहे: आइसकास्टचे श्रोते तंबोऱ्यावर अडकतात, कीर्तनावर परत येत नाहीत

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या पुढे आमचं गाव. निम्मं गाव मुंबईत. जुनी माणसं माथाडीत गेली, त्यांची पोरं आता घणसोली-कोपरखैरण्याला. सप्ताहाला सगळ्यांना रजा कुठली मिळायला, म्हणून मी देवळातून आवाज सोडतो. नुसता आवाज, व्हिडिओ इथल्या रेंजला झेपत नाही. मिक्सरची वायर जुन्या लॅपटॉपला, त्यावर 'बट' (आवाज सर्व्हरला पाठवणारं सॉफ्टवेअर), आणि भाड्याच्या सर्व्हरवर आइसकास्ट २.४.४ (तो आवाज श्रोत्यांना वाटणारं सॉफ्टवेअर). एमपीथ्री, ३२ केबीपीएस, मोनो, २२०५० हर्ट्झ.

लाईट गेली की राउटर बसतो. ऐकणाऱ्यांचं तुटू नये म्हणून फॉलबॅक-माउंटला (प्रसारण तुटलं की श्रोत्यांना जिथं वळवतात तो पत्ता) तंबोऱ्याची फाइल दिलीय, सर्व्हरच्या वेबरूट फोल्डरमध्येच ठेवलीय. ती वाजते, अगदी छान वाजते. पण लाईट आली, बट पुन्हा जोडलं, की नव्याने येणाऱ्याला कीर्तन मिळतं आणि आधीपासून ऐकणारे तंबोऱ्यावरच बसून राहतात. परवा रात्री चुलतीचा फोन, "अरे, बुवा मघापासून नुसता सूरच लावून बसलेत, अभंग कधी घेणार?" इकडे उत्तररंग संपत आला होता! तिला म्हटलं बंद करून परत लाव. पण गावच्या सगळ्या चुलत्यांना कोण सांगणार? सर्व्हर रीस्टार्ट केला तर सगळेच बाहेर.

दुसरं, कार्यक्रमाचं नाव मी छोट्या स्क्रिप्टने पाठवतो. 'हरिपाठ' पाठवलं की प्लेअरवर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतात.

तिसरं म्हणजे इथं 'पुंडलिक वरदे' होऊन लोक उठले, तरी मुंबईत गजर चालूच. हे एवढं मागे का?

काल्याला तीन दिवस राहिलेत. कुणाला माहीत असेल तर सांगा.

*

उत्तर: दादा, रीस्टार्टला हात लावू नका. कॉन्फिग फाइलमध्ये कीर्तनाच्या माउंटच्या (प्रसारणाच्या पत्त्याच्या) भागात फॉलबॅक-ओव्हरराइड १, म्हणजे चालू, करा. ते मुळात बंद असतं, त्यामुळे सर्व्हर श्रोत्यांना फॉलबॅकवर नेतो, पण सोर्स, म्हणजे तुमचं बट, परत आल्यावर ओढून आणत नाही. फाइल सेव्ह करून प्रोसेसला हप सिग्नल द्या, कॉन्फिग पुन्हा वाचली जाते, कुणी तुटत नाही.

अक्षरांचं म्हणाल तर एमपीथ्रीच्या शीर्षकाला आइसकास्ट लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांचा संच) धरून चालतो. माउंटमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ लिहा, त्यात देवनागरी बसते. ऑग या दुसऱ्या ऑडिओ प्रकाराला हा त्रास नाही.

मागे पडण्याचं गणित सोपं आहे. बर्स्ट-साइज (नव्या श्रोत्याला सुरुवातीलाच द्यायचा साठा) मुळात ६५५३५ बाइट, म्हणजे ३२ केबीपीएसला सोळा सेकंदांचा आवाज, तो जोडल्याबरोबर हातात देतात, म्हणून ऐकणारा तेवढाच मागे राहतो. १२८ला तेवढाच साठा चार सेकंदांत संपतो. त्यावर प्लेअरचा स्वतःचा बफर वेगळा.

आणखी एक: २.४.४ आहे ते बरंय, त्याच्या खाली जाऊ नका. २०१८ मध्ये यूआरएल ऑथेंटिकेशनमधला बफर ओव्हरफ्लो (सुरक्षेतलं भोक) त्यातच बुजवला. आणि भाऊ, पासवर्ड अजून मूळचा 'हॅकमी'च नाही ना?

*

धागाकर्ता: पासवर्ड बदललेला आहे हो 🙂

काकड आरती झाल्यावर राउटरची पिन उपटून पाहिलं. तंबोरा लागला, पिन लावली, मिनिटभरात सगळे परत कीर्तनाच्या माउंटवर. 'हरिपाठ'ही नीट दिसतंय. पण चुलतीच्या फोनवर परत आल्यावर पखवाज बसक्या आवाजात वाजतोय, माझ्या फोनवर ठीक. शिवाय पोराने घाईघाईत लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाकला तर 'माउंटपॉइंट इन यूज' म्हणून नकार आला, दुसऱ्यांदा घेतलं.

उत्तर: तंबोऱ्याची फाइल ४४१०० स्टिरिओ असणार. मधेच सॅम्पल रेट बदलला की काही प्लेअर गोंधळतात. फाइल २२०५० मोनो, ३२ला पुन्हा एन्कोड करा. नकाराचं कारण असं की जुनं कनेक्शन मेल्याचं सर्व्हरला कळत नाही. सोर्स-टाइमआउट १० सेकंद आहे, तेवढं थांबायला पोराला सांगा. ते फार कमी करू नका, तुमच्या रेंजला उगाच तुटेल.

धागाकर्ता: फाइल बदलली, चुलतीचा पखवाज ठीक झाला. बर्स्ट १६००० करून बघितलं, चार सेकंदांवर आलं, पण घणसोलीहून अडखळतंय म्हणून तक्रारी आल्या. आता ३२००० ठेवलंय, आठ सेकंद. गजर तेवढा उशिरा संपू दे.