ठाण्याहून गोमुख: दहा दिवसांत हिमनदी जवळून पाहून होईल का?

कोपरीकर
आम्ही दोघं, एक ठाण्याचा, एक नेरूळचा. माहुली, कळसूबाई, हरिश्चंद्रगड नेहमीचे आहेत, पण हिमालय पहिल्यांदाच. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, घरून निघून घरी परत येईपर्यंत 10 दिवस. हिमनदी जवळून पाहायची आहे, दोर किंवा क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे काटे) लागेल असं काही नको. गोमुख (गंगोत्री हिमनदीचं मुख) घ्यावं की कुमाऊँमधली पिंडारी हिमनदी? गोमुखचं एक वेळापत्रक मिळालंय, त्यात डेहराडून सोडल्यावर तिसऱ्या रात्री भोजबासाला, म्हणजे गोमुखाच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामी, राहायचं आहे. हे ठीक आहे का? आणि जुलै ते सप्टेंबर इथे पाऊस असताना सराव कसा करायचा?

घसारा
तिसऱ्या रात्री भोजबासा नको. कळसूबाई 1,646 मीटर. पहिल्या रात्रीचं उत्तरकाशी त्याहूनही खाली, साधारण 1,150 वर. तिथून दुसऱ्या रात्री गंगोत्री (3,100 च्या आसपास) आणि तिसऱ्या रात्री भोजबासा (जवळपास 3,800) म्हणजे दोन दिवसांत अडीच हजार मीटरहून जास्त चढाई, आणि त्यातली बरीचशी गाडीत बसून. भोजबासाला हवेचा दाब आपल्या खाडीकाठच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. दम किती आहे याचा इथे संबंध नाही. माहुली धावत चढणाऱ्यालाही उंची लागते (विरळ हवेने डोकेदुखी, मळमळ सुरू होते), उलट तो वेगात वर जातो म्हणून लवकर लागते.

नियम असा की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलात तर उत्तमच. गंगोत्री ते भोजबासा हा टप्पा मुळातच 700 मीटरचा आहे आणि मधे सोयीचा मुक्काम नाही, म्हणून ती कसर आधीच भरून काढायची.

तुमच्या 10 दिवसांची मांडणी अशी करा. पहिल्या दिवशी सकाळच्या विमानाने डेहराडून आणि लगेच पुढे चंबा किंवा टिहरीपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी उत्तरकाशी दुपारपर्यंत गाठता येतं आणि परवानगीच्या कागदांना वेळ मिळतो. तिसऱ्या रात्री हरसिल, 2,600 मीटर. चौथी आणि पाचवी रात्र गंगोत्री. पाचव्या दिवशी गोमुखाच्या वाटेवर वनखात्याच्या चौकीपर्यंत चालून परत या. सहाव्या दिवशी 14 किमी चालून भोजबासा. सातव्या दिवशी पहाटे गोमुखाकडे 4 किमी, आणि तसंच मागे फिरून गंगोत्री. हा दिवस 22 किमीचा आहे, पण बहुतेक उतार. आठवा उत्तरकाशी, नववा डेहराडून, दहावा हातात राखून ठेवा. तो राखीव दिवस चैन नाही: उत्तरकाशी-गंगोत्री रस्ता दरडीने बंद पडतो, आणि ऑगस्ट 2025 मध्ये हरसिलजवळच्या धरालीला अचानक आलेल्या पुराने काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. परतीचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा.

रेल्वेने जायचं तर राजधानी कल्याणला थांबते, दिल्लीहून पुढे डेहराडून. मात्र त्यात एकेक दिवस जातो आणि तो हरसिल-गंगोत्रीच्या मुक्कामातून कापला जातो. 10 दिवसांत निदान जाताना तरी विमान घ्या.

सीवूड्स_ते_शिखर
पिंडारीची बाजू मांडतो. काठगोदामहून बागेश्वरमार्गे खरकियापर्यंत गाडी, मग पायी खाती, द्वाली, फुरकिया आणि झिरो पॉइंट (हिमनदीसमोर वाट संपते ती जागा). सगळ्यात उंच मुक्काम फुरकियाचा, सुमारे 3,250 मीटर. झिरो पॉइंट साधारण 3,650, तिथून त्याच दिवशी खाली येता. चढ हळूहळू असल्याने पहिल्यांदा जाणाऱ्याला शरीराच्या दृष्टीने ही वाट सोपी आहे, आणि खातीच्या पुढचं जंगल फार देखणं. पण पिंडारी हिमनदी समोर दिसते, हाताशी येत नाही. 'जवळून' हा शब्द महत्त्वाचा असेल तर गोमुखच.

कोपरीकर
धन्यवाद, मग गोमुखच. डायमॉक्स (उंची लागू नये म्हणून घ्यायची गोळी) सुरुवातीपासून घ्यावी का? आणि सरावाचं राहिलंच.

पारसिक_पायथा
प्रतिबंधासाठी डॉक्टर सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी सांगायलाच हवं. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका. गोळी घेतली म्हणून मुक्काम कमी करणं हा मात्र उलटा हिशोब. गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, ती वेळेची जागा घेत नाही.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ किंवा कमालीचा थकवा असेल तर आणखी वर जायचं नाही. सोबत्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता धरायची. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल तर ते फुप्फुसात पाणी असू शकतं. दोन्हीत इलाज एकच: त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी, आणि एकट्याला कधीच नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. गार बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

सराव: पावसाळ्यात घसरणाऱ्या कातळावर जाऊन गुडघा मुरगळून घेण्यात अर्थ नाही, आणि कलावंतीणसारख्या वाटांवर त्या दिवसांत बंदीही येते. इमारतीचा जिना पुरतो. आठवड्यातून तीनदा, पाठीवर 7-8 किलो, 40 मिनिटं चढ-उतार. उतरताना लिफ्ट घेऊ नका. 22 किमीच्या दिवशी मांड्या आणि गुडघे उतारानेच बोलायला लागतात, आणि ती सवय उतरूनच होते. रविवारी पारसिक टेकडी किंवा खारघरच्या डोंगररस्त्यावर तीन-चार तास न थांबता चाला. सप्टेंबरअखेर एकदा लागोपाठ दोन दिवस लांब चाल करा, दुसऱ्या दिवशीचे पाय कसे असतात ते तिथेच कळेल.

बामक
वर कोणी सांगितलं नाही म्हणून: गोमुखाला पांढरीशुभ्र हिमनदी दिसेल अशा कल्पनेने जाऊ नका. गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किमी लांब आहे आणि तिच्या खालच्या भागावर दगडमातीचा जाड थर आहे. दुरून तो खडकाळ उतारच वाटतो. बर्फ दिसतो तो मुखाच्या उभ्या भिंतीत, करडा-निळा, आणि त्याच्या खालून भागीरथी बाहेर येते. मागे भागीरथी शिखरं आणि बाजूला शिवलिंग (6,543 मीटर). हे समजून पाहिलं तर नजर हटत नाही.

मुखाच्या भिंतीजवळ मात्र जायचं नाही. तिचे तुकडे कोसळतात, ऊन चढल्यावर जास्त, कारण वितळलेलं पाणी भेगांत शिरतं आणि बर्फात रुतलेले दगड सुटतात. म्हणून पहाटे निघा, ठरवून दिलेल्या जागेपासून बघा, दहाच्या आत मागे फिरा. गंगोत्रीहून येताना लागणाऱ्या चीडबासा ते भोजबासा पट्ट्यातही वरून दगड येतात. वर भरल (हिमालयातल्या रानमेंढ्या) चरत असले तर त्यांच्या खुरांनीसुद्धा सुटतात. तिथे फोटोला थांबू नका, कानात हेडफोन नको, माणसांत अंतर ठेवा.

गोमुखाच्या वरच्या तपोवनाचा मोह या खेपेला टाळा. ते 4,400 मीटरच्या वर आहे, वाट हिमनदीवरच्या सुट्या दगडांतून आणि मग खड्या घसाऱ्यावरून जाते. गाईडशिवाय नाहीच.

कपड्यांत सुती काहीही नको, घामाने भिजलं की वाळत नाही. भोजबासाला तेव्हा रात्री पारा शून्याखाली जातो. थर्मल, फ्लीस, वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, दोन जोड हातमोजे. ॲक्शन ट्रेकर बूट कोरड्या वाटेवर चालतील, ताजा बर्फ पडला तर नाही. गॉगल पूर्ण यूव्ही अडवणारा घ्या. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच, गॅसची नळकांडी विमानात किंवा रेल्वेत कुठेच नाही.

घसारा
परवानगीचं: गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात गोमुखसाठी दिवसाला 150 जणांनाच सोडतात, तेव्हा तारीख ठरली की आधी तेच करा. ओळखपत्राची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स जवळ ठेवा. चारधाम यात्रेची नोंदणीही लागते. मंदिर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बंद होतं आणि त्यानंतर गंगोत्रीतली बहुतेक राहण्याची ठिकाणंही मिटतात. तुमच्या तारखांना ती अडचण नाही, पण सुट्टी पुढे ढकलावी लागली तर दिवाळीच्या आतच बसवा.