मदत हवी आहे: पाय मोडलेलं मांजराचं पिल्लू दत्तक द्यायला कधी तयार समजायचं, आणि कुणाला द्यायचं?

नमस्कार. मी सेलूची, जिल्हा परभणी. मांजर सांभाळायची माझी ही पहिलीच वेळ, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दिवाळीनंतर मोंढा सुरू झाला त्या दिवशी आमच्या आडतीवर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी घसरली. हमाल मामांनी पोती बाजूला केली तर खाली हे पिल्लू. राखाडी पट्ट्यांचं, मुठीएवढं, मागचा उजवा पाय नुसता लोंबत होता. त्याची आई बाकीची दोन पिल्लं तोंडात धरून पत्र्याखाली घेऊन गेली. आम्ही दोन तास लांब उभं राहून वाट पाहिली, पण ह्याला न्यायला ती परत आली नाही. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. ह्याचं पुढचं घर आमचं झालं.

पहिल्या रात्री माझ्याकडून चूक झाली. वाटीत गाईचं दूध दिलं आणि पहाटेपर्यंत त्याला हगवण लागली. ते कण्हत होतं म्हणून मेडिकलवर विचारलं, तर तिथे लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं पातळ औषध हातात दिलं. द्यायच्या आधी परभणीला ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला म्हणून पिल्लू वाचलं. ते म्हणाले, थेंबभरसुद्धा देऊ नका, मांजराच्या अंगात त्याचं विष होतं, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी टोपलीत गोधडीचा तुकडा घालून त्याला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेत नळीचं हाड मोडलेलं दिसलं. खपच्या लावून पट्टी बांधली. वाढतं पिल्लू असल्यामुळे ती दर आठवड्याला बदलायची होती, म्हणजे आठवड्याला एक खेप. तेव्हा वजन ४८० ग्रॅम होतं आणि डॉक्टरांनी वय साधारण ५ आठवडे सांगितलं. आज किराणा दुकानाच्या काट्यावर ९१० ग्रॅम भरलं.

घरात खरी अडचण जेवणाची झाली. सासूबाई माळकरी. आजवर आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नाही. मांजराला दूध-पोळीवर वाढवायचं हीच सगळ्यांची समजूत. डॉक्टरांनी समजावलं की मांसातलं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य मिळालं नाही तर मांजराचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. सासूबाई दिवसभर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "माय, लेकराचा पाय जुळायचा तर त्याला जे लागतं ते द्यावंच लागंल की. मागल्या अंगणात वेगळी चूल मांड, भांडं वेगळं ठेव." आता सकाळ-संध्याकाळ पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून देते आणि दुपारी मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन. ते त्या चुलीवरच शिजतं. रात्री थंडीत उठून त्याच्याजवळची गरम पाण्याची बाटली बदलतात त्या सासूबाईच.

पट्टी पाच दिवसांपूर्वी निघाली. हाड जुळलंय. पण घोटा ताठ झालाय, पाय थोडा बाहेर फेकून चालतं. अजून दोन आठवडे उड्या मारू देऊ नका असं सांगितलंय. इतके दिवस कोंबड्या झाकायच्या मोठ्या डालग्यात ठेवत होतो, आता ते आतून डालगं ढकलत घरभर फिरतं.

माझे प्रश्न असे. घोटा मोकळा व्हावा म्हणून घरी काय करता येईल? लसी कधी, आणि त्या पूर्ण व्हायच्या आत दत्तक द्यावं का? आणि मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न: मोंढ्यातल्याच एका व्यापाऱ्यांनी पिल्लू मागितलंय. गोदामात उंदीर फार झालेत म्हणतात. माणूस चांगला आहे, खायला घालील. घरचे म्हणतात देऊन टाक, लंगडं पिल्लू दुसरं कोण नेणार? माझं मन मात्र तयार होत नाही. मी उगाच अडून बसलेय का?

गोदाकाठ:

ताई, तुम्ही अडून बसलेल्या नाहीत. गोदामात देऊ नका. उंदीर झालेत तिथे आज ना उद्या औषध टाकलं जातं, आणि विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर मांजराला सगळ्यात आधी सापडतो. शिवाय कुत्रं मागे लागलं तर धडधाकट मांजर थप्पीवर चढून वाचतं. ह्याचा घोटा वळत नाही, ते कुठे चढणार?

त्या व्यापाऱ्यांना नाराजही करू नका. पिल्लाची आई तिथेच वावरते ना? ती त्या जागेत मुरलेली शिकारी आहे. त्यांना म्हणा, हिला रोज एक वेळ खायला घाला, औषध टाकणं बंद ठेवा. बाकीची दोन पिल्लं दूध सोडून खायला लागली की तिची नसबंदी करून घ्या, नाहीतर पुढच्या थप्पीखाली पुन्हा पिल्लं सापडतील. पोट भरलेलं मांजर उंदीर मारत नाही असं कुणी म्हणेल, त्यात तथ्य नाही. मारतं.

उदगीरकर:

मी पशुवैद्य नाही, पण पाय मोडलेली तीन पिल्लं घरात वाढवली आहेत. खाणं झाल्यावर ते सुस्तावतं तेव्हा घोट्यावर कोमट कापड पाच मिनिटं धरा. मग एका हाताने मांडी आधाराला धरून दुसऱ्याने घोटा हळूहळू वाकवा आणि सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाय ओढून घेतला की तिथेच थांबायचं, जोर अजिबात लावायचा नाही. डॉक्टरांना आधी करून दाखवा. तुमच्याकडे शहाबादी फरशी असेल तर त्यावर गोणपाट अंथरा. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो आणि पिल्लू तो वापरायचंच सोडून देतं. फरशी फिनाईलने पुसत असाल तर आजपासून बंद करा, पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजराला सोसत नाही.

पंजा उलटा पडून वरच्या बाजूला जखम होते का, ते रोज बघा. तसं झालं तर नसेला मार असू शकतो, लगेच दाखवा. अगदी वेळ आली आणि पाय काढावा लागला तरी घाबरू नका. तीन पायांवर मांजरं छान जगतात.

जंताचं औषध झालं नसेल तर ते आधी. तीन रोगांची एकत्र लस ८ आठवड्यांपासून, मग ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची १२ आठवड्यांनंतर. निदान दोन डोस होईपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. देताना एक्स-रे आणि लसीचं कार्ड सोबत द्या, आणि नसबंदी कधी करायची ते नव्या घराकडून आधीच ठरवून घ्या. पट्टी बदलताना चावलं, ओरबाडलं का? तसं असेल तर जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि सरकारी दवाखान्यात स्वतःला रेबीजची लस घ्यायची. पिल्लू एवढंसंच आहे म्हणून सोडू नका.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. दुसरी पट्टी बदलताना मला चावलं होतं. तेव्हाच लस सुरू केली, शेवटचा डोस पुढच्या आठवड्यात आहे. गोणपाट कालच अंथरलं. आज पहिल्यांदा चारही पाय टेकवून वाटीपर्यंत आलं.

यजमानांनी व्यापाऱ्यांशी बोलणं केलं. मादीला खायला घालायला ते लगेच तयार झाले, नसबंदीच्या खर्चातला अर्धा वाटाही देतो म्हणाले. औषध टाकणार नाही हे मात्र अजून कबूल करून घ्यायचं आहे, ते मी स्वतः जाऊन बोलेन. सोमवारी पहिल्या लसीसाठी परभणीला जातेय. परभणी, जिंतूर, मानवत भागात तळमजल्याचं घर असलेलं, मांजराला घरातच ठेवणारं कुणी असेल तर कळवा. घाई नाही. दुसरा डोस होईपर्यंत ते आमच्याकडेच आहे.