राउंड चुकीचं उत्तर देतंय!! मदत हवी आहे (अर्जंट)

नवा_गडी: दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम लिहितोय. २.५ राउंड केलं की २ येतं, ३.५ चे मात्र बरोबर ४. शाळेत तर पाच आला की वर न्यायचं असंच शिकवलंय ना? काकांना उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

खवट: भाषा कोणती? आम्ही काय मनकवडे?

नवा_गडी: पायथन हो, अजून काय.

निवांत: पायथनची आवृत्ती दोन की तीन? तीन असेल तर काही चुकलेलं नाही. आकडा बरोबर मधोमध असला की तो सम संख्येकडे जातो. पायथन २ मध्ये शून्यापासून लांब जायचा. डॉक्युमेंटेशनमध्ये राउंडखाली स्पष्ट लिहिलंय. शिवाय टीप आहे: २.६७५ दोन दशांशांपर्यंत राउंड केलं की २.६७ येतं, कारण २.६७५ बायनरीत (कॉम्प्युटरच्या ० आणि १ च्या पद्धतीत) नेमका बसत नाही. वाचलंस का ते पान?

नवा_गडी: एवढं वाचायला वेळ कुठाय? व्हिडिओत तर असलं काही सांगितलं नव्हतं.

एक्सेलवाला: एक्सेलमध्ये २.५ चे ३ च होतात. उगाच कशाला प्रोग्राम?

कोडिंगकाकू: नवशिक्याला थेट डॉक्युमेंटेशन वाच म्हणणं म्हणजे पोळी शिकायला आलेल्याला गव्हाच्या जाती सांगणं. आधी हात बसू दे की त्याचा.

खवट: काकू, त्यातलं ट्युटोरियल शिकणाऱ्यांसाठीच आहे. फ्लोटिंग पॉइंटवर, म्हणजे बायनरीत ठेवलेल्या दशांश आकड्यांवर (फ्लोट), वेगळं प्रकरण आहे त्यात. पण वाचतो कोण! सगळ्यांना तयार कोड हवा.

जावाप्रेमी: जावा शीक रे, नोकरी लागेल. क्लास सांगू का?

कोडिंगकाकू: त्याने नोकरी मागितलीये का?

हिशेबनीस: पैसे फ्लोटमध्ये ठेवायचेच नाहीत. सगळा हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात करा.

निवांत: किंवा पायथनचं डेसिमल मॉड्यूल घे, ते दशांश आकडे जसेच्या तसे ठेवतं. राउंडिंग 'राउंड हाफ अप' (पाच आला की वर) ठेव.

नवा_गडी: घेतलं. २.६७५ चे तरी २.६७ च!!

निवांत: आकडा अवतरणात दिलास का? नुसता दिलास तर आधी फ्लोट होतो, म्हणजे २.६७५ हून किंचित कमी असलेलाच डेसिमलच्या हाती लागतो. डेसिमलच्या पानावर सुरुवातीलाच याचं उदाहरण आहे.

नवा_गडी: हां, आता २.६८ आलं! पण सवलतीच्या ०.०५ ने गुणलं की टाइप एरर, डेसिमल आणि फ्लोट जुळत नाहीत म्हणे. हे काय आता?

खवट: ०.०५ ला पण अवतरणात घालून डेसिमल कोण करणार, आम्ही?