हार्ट फेल्युअरसोबत मधुमेह आणि किडनीचा त्रास: लक्ष कशावर ठेवायचं?

प्रश्न: हृदयाचं पंपिंग (इजेक्शन फ्रॅक्शन) ३५ टक्के, साखर जुनी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.६. पुढे नेमकं काय बिघडतं?

उत्तर १: बहुतेक वेळा गाडी किडनीपाशी अडते. रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही हार्ट फेल्युअरची औषधं सुरू केली की १-२ आठवड्यांत क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा चालतं; तेवढ्यावरून गोळी बंद करणं हीच मोठी चूक. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा. आणि हो, ‘लो सोडियम’ मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं!

उत्तर २: साखरेसाठी पायोग्लिटाझोन नको, अंगात पाणी साठतं. डापाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळीने साखरेपलीकडे हृदय-किडनी दोन्हींना फायदा होतो. उलट्या-जुलाब किंवा उपास असेल तर ही गोळी तात्पुरती थांबवावी लागते, डॉक्टरांना विचारून.

उत्तर ३: लोह राहिलंच की. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) १००च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता. १०० ते २९९ असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते) २० टक्क्यांखाली आहे का बघतात. लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही, लोह शिरेतून देतात. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन टाळा. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन. ३ दिवसांत २ किलो वाढलं तर ते पाणीच समजा.