मारुती ८०० : क्लच केबल आणि फोर्कचे बुश कुठले घ्यावेत? मदत हवी आहे

गाडी २००६ची, केबल क्लच (पेडल दाबलं की केबल फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, ओढते). पेडल जड झालंय आणि रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. अ‍ॅडजस्टिंग नट आट्यांच्या टोकाला पोचलाय, तरी पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी चाल) २० मिमीवर टिकत नाही. आठवड्याभरात पुन्हा ढिला.

एकाला पेडल दाबायला लावून बॉनेटखाली पाहिलं. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) हलत नाही, पण केबलचं बाहेरचं आवरण वळणावर दबून किंचित सरकतं. म्हणजे पेडलची चाल तिथेच वाया जाते. केबल बाजारातली साधी, जेमतेम दोन वर्षांची. शिवाय फोर्कचा शाफ्ट हाताने वरखाली हलतो, त्यामुळे बुशही (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) गेलेत हे नक्की.

केबल आतून टेफ्लॉन लायनरवाली (आत गुळगुळीत प्लास्टिकचं अस्तर असलेली) घ्यायचा विचार आहे. तिच्यात ग्रीस भरायचं नाही हे माहीत आहे (गॅरेजवाले हमखास भरतात, मग धूळ चिकटून चिखल होतो). प्रश्न असे:

कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाल्या) मॉडेलची केबल एकच का? दुकानदार दोन्हींना एकच देतोय, पण जुनीशेजारी धरल्यावर नवी बोटभर लांब भरली.

बुश नायलॉनचे की गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे)? गनमेटलचे रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) बसवून घ्यावे लागतात का?

गिअरबॉक्स उतरवणारच, तर रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याला ढकलून क्लच सोडवतो ते) बदलीनच. क्लच प्लेट अजून धरते, घसरत नाही. तीही बदलावी का?

इंजिनची अर्थिंग पट्टी (इंजिन बॉडीला जोडणारी वायर) तपासली, घट्ट आहे. ती तुटली की स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून जाऊन लायनर वितळतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.