मदत हवी आहे: माणसासारखे दात असलेला मासा लागलाय, कोणता?

गळ_टाकू
मंडळी, जरा लवकर सांगा. काल संध्याकाळी गळाला एक मासा लागला, असला आजवर बघितला नाही. चपटा, ताटासारखा गोल, पोट लालसर आणि तोंडात चक्क माणसासारखे दात. बायको म्हणते पिरान्हा आहे, फ्रीजला हात लावू देत नाही. सध्या बर्फाच्या डब्यात पडलाय.
दिवाळीपासून माझं काही खरं नाही. मासा लागतो, रॉड वाकतो, दोन हिसके आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तुटतो. गळामागून गळ गेले. तंगूस बदलला तरी तेच. बरोबरचे लोक रोज पिशवी भरून नेतात, मी चहा पिऊन घरी. एवढ्यात हा एकच वर आला.
कोणता मासा आणि खायचा का, एवढंच सांगा. प्रवचन नको.

निवृत्त नाना
फोटो? जागा? आमिष? वजन? एवढं न सांगता मासा ओळखायला आम्ही ज्योतिषी नाही.

गळ_टाकू
फोटो चढत नाही, साइझ जास्त आहे म्हणतंय. वजन दीड किलोच्या आसपास. जागा नेहमीचीच.

कणकेचा गोळा
नेहमीची म्हणजे कोणाच्या नेहमीची?

गळ_टाकू
भिगवणच्या पुढे, उजनीचं बॅकवॉटर. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड लावतो.

भीमाकाठी
मग चिलापी. विषय संपला. उजनीत दुसरं उरलंय काय? मूळची आफ्रिकेतली ही १९५२ साली देशात आणली आणि आता आमच्या नदीत हिचंच राज्य. आमच्या आज्याच्या वेळची वाम, मरळ, आहेर बघायला मिळत नाही.

गळ_टाकू
अहो, चिलापी मी कळत्या वयापासून खातोय. चिलापी ओळखत नाही असं वाटलं का?

सह्याद्रीचा मावळा
खवल्या असणार, म्हणजे आपला महसीर. साइक्स साहेबाने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून त्याची शास्त्रीय नोंद केली. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटा पॉवरवाले कित्येक वर्षं त्याची पिल्लं तयार करून नद्यांत सोडतात. खवल्या असेल तर भाऊ, पाप केलंत.

मत्स्यगंधा
खवल्या कसा असेल? महसीर, रोहू, कटला, मृगळ या सगळ्यांचे दात घशात असतात, जबडा मोकळा. ते काहीतरी 'चक्क माणसासारखे दात' म्हणताहेत, ते वाचा की आधी.
गळ_टाकू, एक बघून सांगा. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधे एक छोटा, मऊ, काटा नसलेला पर आहे का? आणि वरच्या जबड्यात दातांची रांग एक की पुढेमागे दोन?

गळ_टाकू
बघतो. डबा उघडायचा म्हणजे घरात पुन्हा महाभारत.

गळ_टाकू
आहे, करंगळीच्या नखाएवढा मऊ पर आहे. वर दोन रांगा. पुढचे दात चपटे, दाढांसारखे. चमच्याने ओठ उचलून बघितलं.

मत्स्यगंधा
मग रूपचंद. इंग्रजीत पाकू, मूळ मुक्काम अॅमेझॉन आणि ओरिनोको. पिरान्ह्याचा नातेवाईक खरा, पण पिरान्ह्याचे दात एका रांगेत, त्रिकोणी, पात्यासारखे धारदार आणि खालचा जबडा पुढे आलेला. रूपचंदचे दात फळं आणि कठीण बिया फोडायला. तिकडे पुरात जंगलात पाणी शिरलं की झाडांखाली पडलेली फळं खात फिरतो. पोटाचा लाल रंग लहानपणी भडक असतो, वाढला की फिका पडतो. आपल्याकडे शेततळ्यात सर्रास पाळतात. पावसात एखादं तळं फुटलं किंवा भरून वाहिलं की थेट ओढ्यात, तिथून धरणात.
खाता येतो, खुशाल खा.

भीमाकाठी
पिरान्हाच आहे. व्हिडिओ आलाय गावच्या ग्रुपवर, पायाचा लचका तोडलेला. पोरं पोहतात तिथं, जबाबदारी कोण घेणार?

मत्स्यगंधा
तो व्हिडिओ कुठला आहे ते त्या ग्रुपलाच विचारा. दोन रांगा असतील तर पिरान्हा नाही. बोट मात्र तोंडात घालू नका, बदाम फोडणारा जबडा आहे.

सागरी बाणा
अरे, हाच तो! हॉटेलात पापलेट म्हणून ताटात येतो तो. खऱ्या पापलेटला मधला काटा सोडला तर त्रास नाही आणि मांस लोण्यासारखं. याला मातीचा वास. रत्नागिरीला या, मग पापलेट काय ते दाखवतो.

कणकेचा गोळा
इथे कोणी पापलेट विचारलंय का?

रीळवाला
मूळ प्रश्न तंगूस तुटण्याचा आहे, तो कोणी बघतच नाही. नायलॉन फेका, ब्रेडेड लावा. जाडी तेवढीच, ताकद कितीतरी जास्त. मी लावल्यापासून एक मासा गेला नाही.

कणकेचा गोळा
ब्रेडेड दातांपुढे नायलॉनपेक्षा आधी जातो. बारीक धाग्यांची वेणी ती, एक-एक धागा कापला की संपलं. रीळवाल्यांना प्रत्येक दुखण्यावर ब्रेडेडच दिसतं. उद्या सर्दी झाली तरी ब्रेडेडच सांगतील.

रीळवाला
तुम्ही बांबूला दोरी बांधून बसणारे, तुमच्याशी काय बोलायचं.

निवृत्त नाना
भांडण नंतर. गळ_टाकू, तंगूस तुटला की उरलेलं टोक कसं दिसतं? वळ्या पडून कुरळं झालेलं असेल तर गाठ सुटते. खरबरीत, पांढरट झालेलं असेल तर खडकावर घासतंय. साफ कापलेलं असेल तर दात. आणि किती वर तुटतो?

गळ_टाकू
रिळावर कालचं टोक अजून आहे. साफ. ब्लेडने कापल्यासारखं. गळापासून बोटभर वर.

निवृत्त नाना
आणि जो वर आला तो कुठल्या गळावर?

गळ_टाकू
माझे संपले होते. चुलतभावाने वामीसाठी ठेवलेला लांब दांड्याचा दिला.

निवृत्त नाना
मग झालं की. तुमचे आखूड दांड्याचे गळ तो पूर्ण गिळत होता, तंगूस दातांमधे जात होता. लांब दांड्यामुळे काल दातांत लोखंड आलं. तंगूस जाड करून उपयोग नाही. लांब दांड्याचा गळ घ्या किंवा गळाच्या वर वीतभर स्टीलची बारीक तार जोडा. तिथं रूपचंदचा थवा बसलाय आणि तुम्ही रोज शेंगदाण्याची पेंड घालून त्यांना पोसताय. शेजारच्यांचं आमिष काय?

गळ_टाकू
गांडूळ.

निवृत्त नाना
बरोबर. त्यांना चिलापी आणि शिंगटे. रूपचंदही गांडूळ घेतो, पण शेंगदाणा सोडून तिकडे कशाला जाईल?

जलदूत
परवाना आहे का? तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो, असं कुठेही बसून गळ टाकता येत नाही.

गळ_टाकू
संस्थेची पावती खिशात आहे साहेब. माशाचं बोला.

निसर्गवेडी
बिचाऱ्याला सोडून का नाही दिलंत?

मत्स्यगंधा
परदेशी मासा धरणात परत सोडणं म्हणजे आहे त्या गावठी माशांच्या तोंडचा घास काढणं. आला हाताला तर ठेवायचाच.

गळ_टाकू
बर्फात रात्रभर आहे तो. आता कुठे सोडू?

पुण्याचा पाहुणा
पण उजनीचं पाणी बघितलंय का? त्यातलं खायचं?

भीमाकाठी
पाणी घाण कुणाचं? पुण्याचं, पिंपरीचं. वरून सोडता तुम्ही आणि वर आम्हालाच विचारता. फ्लेमिंगोचे फोटो काढायला मात्र गाड्या भरून येता, भिगवणला तळलेला मासा खाताना हे आठवत नाही.

पुण्याचा पाहुणा
मी फक्त विचारलं.

अन्नपूर्णा
खवले बारीक असतात, सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खरवडा. पोटाच्या आतलं काळं अस्तर काढा. हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास, मग धुवून आलं-लसूण, लाल तिखट, रव्यात घोळवून तळा. रश्श्याला चरबी जास्त होते, तळलेलाच बरा.

गळ_टाकू
हे दाखवल्यावर फ्रीजची परवानगी मिळाली. लांब दांड्याचे गळ इंदापूरला मिळतील का? पुण्याला जायला वेळ नाही, शनिवारी पुन्हा बसायचंय.

रीळवाला
मिळतील. सोबत ब्रेडेडही घ्या.

टँकवाला
जरा वेगळं आहे, पण विचारतो. पोराने दुकानातून लाल पोटाचा एक चपटा मासा टँकसाठी आणला होता, रुपयाच्या नाण्याएवढा. आता वीतभर झालाय आणि बाकीच्यांच्या शेपट्या गायब आहेत. हाच का?

मत्स्यगंधा
तोच दिसतोय. अजून मोठा होईल, टँक पुरणार नाही. नदीत सोडू नका. दातांच्या रांगा मोजून सांगा.

टँकवाला
मोजणार कोण?