निकोटीनचं गम दोनचं की चारचं? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

मी मेडिकल चौकाजवळ औषधाच्या दुकानात बसते. सिगारेट नाहीतर खर्रा (चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी) सोडायचं ठरवून माणूस येतो आणि म्हणतो, "ताई, ते गम द्या." किती मिलिग्रॅमचं, विचारलं की गोंधळतो. "हलकंच द्या, उगाच त्याची सवय लागायची." हलकं घेऊन जातो आणि आठवड्याच्या आत पुन्हा पानठेल्यावर उभा दिसतो. मला फार वाईट वाटतं, कारण सोडायची इच्छा खरी असते, डोस तेवढा तोकडा पडतो.

कॉलेजची पोरं वेपबद्दलही विचारतात, कितीच्या निकोटीनपासून सुरू करू म्हणून. पोरांनो, २०१९ च्या कायद्यानं आपल्या देशात ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोरून येणाऱ्या त्या पेनमध्ये वर छापलंय तेवढंच निकोटीन आहे का, हे इथं कोणी तपासलेलं नसतं. ज्याचा आकडाच भरवशाचा नाही, त्याचा डोस मी कसा सांगू? गम, लोझेंज (चोखायची गोळी), पॅच (अंगाला चिकटवायची पट्टी) यांचा सांगता येतो.

तुम्ही कितीपासून सुरुवात केली, काय झालं, लिहा. खर्रेवाल्यांनी आवर्जून लिहा.

बुटीबोरी_शिफ्टवाला

रोजचं एक पाकीट, नाइट शिफ्ट असली की जास्त. मी दोनचं गम आणलं, कारण तेच विनाचिठ्ठीचं मिळतं. दुपारपर्यंत डोकं भणभणायचं, घरी सगळ्यांवर खेकसायचो. बायको म्हणाली, यापेक्षा सिगारेट पीत होते तेच बरं होतं.

मग मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजात दात दाखवायला गेलो. दिवसाला किती ओढता, हे तिथल्या मॅडमनी नंतर विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं लागते?" मी तर ब्रशच्या आधी पेटवायचो. त्या म्हणाल्या, अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर चारचं, त्यानंतर लागत असेल तर दोनचं. रात्रभरात रक्तातलं निकोटीन उतरतं, सकाळी शरीर किती घाईनं मागतं त्यावरून सवय किती खोल आहे ते कळतं. चारच्यासाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

दुसरी गोष्ट म्हणजे गम चघळायची रीत, आणि ती मला कोणीच सांगितली नव्हती. मी च्युइंगगमसारखं कचाकचा चावायचो. त्यानं निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. हळूहळू चावायचं, तिखट झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. झिणझिणी गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं, बाजू बदलायची. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं.

सुरुवातीचे सहा आठवडे तासा-दोन तासाला एक, तलफ येण्याची वाट न पाहता. पुढे अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत सोडायचं. चारच्या गमनं माझी चिडचिड पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आली.

संत्रामार्केट

एक जोडतो. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना संत्र्याचा रस, कॉफी, चहा, कोल्ड्रिंक काही नको. आंबट पदार्थानं तोंडात निकोटीन शोषलं जात नाही. आमच्या धंद्यात दिवसभर फोड तोंडात असते, म्हणून चारचं गमही मला बेचव आणि बेअसर वाटत होतं. फोडी बंद केल्या, मग फरक पडला.

सक्करदरा_भाऊ

मी सिगारेटवाला नाही, खर्रावाला. बाहेरच्याले खर्रा सांगून समजत नाही बाप्पा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकते अन् पानठेल्यावाला पाटावर घोटते. तो घासल्याचा आवाज आला तरी तोंडाले पानी सुटे. महाराष्ट्रात बंदी आहे म्हणतेत, पन मले तर कधी मिळाला नाही असं झालं नाही.

ताईनं विचारलं म्हणून लिहितो. गम घेतलं, पन मले चावताच येईना. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होते, तिथूनच पुढे कॅन्सरचा धोका. मंग त्यायनं अंगाले लावायचा पॅच देल्ला, अन् वरून तलफ आली का चघळायले लोझेंज.

पन एक गोष्ट कोनी सांगत नाही. पॅचनं तंबाखूची तलफ गेली, सुपारीची नाही गेली. सुपारीची सवय अलग राह्यते, तिच्यात निकोटीन नाहीच. मी तर घाबरलो का डोस कमी पडून राह्यला, वाढवाव लागते का. डॉक्टरनं साफ सांगितलं, डोस बरोबर आहे, तोंडाले काही तरी पाह्यजे म्हणते ते सुपारीचं आहे. मंग खिशात बडीशेप अन् भाजलेली जवस ठेवाले लागलो. ज्याले खर्रा सोडायचा आहे त्यानं या दोन तलफा अलग अलग ओळखाव, नाहीतर निकोटीनचा डोस उगाच वाढवत बसाल.

मानेवाडा_गृहिणी

मिस्टरांचा पॅचचा अनुभव. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी, म्हणून २१ मिलिग्रॅमचा सुरू केला, सहा आठवड्यांनी १४, मग ७. रात्री विचित्र स्वप्नं पडायची. झोपताना काढायला सांगितल्यावर थांबली. मे महिन्यात घामानं पॅच निघून जायचा. आंघोळीनंतर जागा कोरडी करून, तेल न लावता, दंडावर किंवा पाठीवर, आणि रोज जागा बदलून लावला की टिकतो.

गोकुळपेठची_मावशी

माझा भाचा इंग्लंडात शिकतो. तिथं वेप कायदेशीर आहे, पण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर निकोटीन विकता येत नाही. तो जोरात सिगारेटी ओढणारा, आणि सुरुवात केली ३ मिलिग्रॅमनं. दिवसभर ओढत बसायचा आणि सिगारेटही सुटेना. तिथल्या सिगारेट सोडवणाऱ्या केंद्रात त्याला १८ वर नेलं, मग सिगारेट सुटली. आता तो हळूहळू खाली येतोय. ज्यानं कधी सिगारेट ओढलीच नाही त्यानं तिथंही वेपला हात लावू नये, असं त्याच केंद्रात सांगतात. सुट्टीत इकडे येताना तो गम घेऊन येतो, वेप तिथंच ठेवून.

कामठी_रोड

माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे, खर्रा अजून चालू आहे. त्यांना गम देता येईल का?

धागाकर्ती

@कामठी_रोड, दादा, आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, माझ्याकडून थेट नेऊ नका. खर्रा चालू राहणं हृदयाला गमपेक्षा नक्कीच वाईट आहे, पण अँजिओप्लास्टी नुकतीच झाली असेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवावा. त्यांना तीन गोष्टी सांगा: सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळानं लागतो, दिवसाला किती पुड्या होतात, तोंडात किती बोटं जातात. गर्भवती बायकांनीही मनानं काही घेऊ नये.

गम घेऊन छातीत धडधड, घाम, मळमळ झाली तर डोस जास्त होतोय. तलफ, चिडचिड, झोप उडणं चालूच असेल तर कमी पडतोय. दोनचं असो वा चारचं, दिवसाला २४ च्या वर जाऊ नका.

ज्यांना दवाखान्यात जायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे, फुकट. काउंटरवर आलात तर तुमच्या पहिल्या सिगारेटची वेळ मीही आधी विचारीन. खरी सांगा.